फिलाडेल्फियाची व्हायोलिनं

पुणे

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, सत्तरच्या दशकातलं सोल, ते कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत, म्हणजे चांगल्या गळ्यांवर उगाच चढवलेला व्हायोलिनचा साज. मला ते मुळीच पटलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्टायलिस्टिक्स या गायकसमूहाचं ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ हेडफोन लावून ऐक. सुरुवातीला चक्क इलेक्ट्रिक सतार. पहिल्या ओळी एरियन लव्हच्या खालच्या, भरदार आवाजात. मग रसेल थॉम्प्किन्स ज्युनियर वरच्या पट्टीत ध्रुवपद उचलतो, आणि इतका वेळ मागे थांबलेला वाद्यवृंद उमलतो. गायकाला जे शब्दांत मावत नाही, ते व्हायोलिनं बोलतात. साज काढून घे, गाणं निम्मं उरेल!

ही संगीतकार-निर्माता थॉम बेलची कमाल. जमैकात जन्मलेला, फिलाडेल्फियात वाढलेला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस. ओबो, फ्रेंच हॉर्न ही सिंफनीतली वाद्यं त्यानं प्रेमगीतांत आणली. ‘बॅक स्टॅबर्स’मधली (1972) वाद्यवृंदाची मांडणीही त्याचीच. ओ’जेज या गायकसमूहाचं हे गाणं पाठीत सुरा खुपसणाऱ्या मित्रांबद्दल आहे. तिथे तीच व्हायोलिनं गोडवा सोडून धोक्याची सूचना देतात. आता याला नुसता साज कसं म्हणायचं?

आणि हे सगळं गुळमट होत नाही, कारण खालचा ठेका पक्का आहे. 1968 मध्ये जो टार्शियानं सुरू केलेल्या फिलाडेल्फियातल्या सिग्मा साउंड स्टुडिओत अर्ल यंगचे ड्रम, रॉनी बेकरचा बेस आणि नॉर्मन हॅरिसची गिटार आधी ध्वनिमुद्रित व्हायची. त्यावर मग डॉन रेनाल्डोचा व्हायोलिनचा ताफा चढायचा. ‘द लव्ह आय लॉस्ट’मधली (1973) यंगची हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) ऐक, न थांबता सळसळत राहते. पुढे अख्खं डिस्को त्याच चालीवर नाचलं. वर मखमल, खाली पोलाद, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

लॉस एंजेलिसच्या बॅरी व्हाइटचं ‘लव्ह्ज थीम’ही मला आवडतं. 1974 मध्ये हे जवळपास शब्दांविना असलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण तिथे वाद्यवृंद सगळी जागा व्यापून बसतो. बेल जागा मोकळी सोडतो, म्हणून माझं माप त्याच्याच पदरात.

आधी ‘बॅक स्टॅबर्स’ ऐक, मग स्टायलिस्टिक्स. नंतरही तुझं मत तेच राहिलं, तर कारणासकट लिहून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल