पोट्टे बाहेर पडले की व्हिडिओ कोण काढतं?

संपादक महाशय,

कालच्या रविवार पुरवणीतला तो 'आमचं बालपण'वाला लेख वाचला. तेव्हाच लिहायला बसणार होतो, पण बीपीची गोळी घेऊन रात्रभर थांबलो, तरी राग उतरला नाही म्हणून आता लिहून राह्यलो. विटीदांडू, चिंचा, विहिरीत उड्या, सगळं बरोबर आहे हो, लेखकाची भाषा तर इतकी गोड की शुगर वाढावी. पण शेवटी येऊन जाऊन गाडी मोबाईलवरच? आजकालच्या मुलांना बाहेर जायचंच नसतं म्हणे. कोणी सांगितलं?

१९७६ च्या मे महिन्यात, ऐन नवतप्याच्या उन्हात, नागपूरच्या महाल भागातून आम्ही पाच पोट्टे तीन किरायाच्या सायकली घेऊन काटोल रोडने जुनापाणीला गेलो होतो. घरी सांगितलं महाराजबागेत जातो. प्रत्येकाच्या खिशात कांदा, एका डब्यात पोळ्या अन् लोणचं, बस. तिथे माळावर मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं, एक संपलं की दुसरं, अन् काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले. खाली भोसल्यांचा खजिना आहे यावर पाचही जणांचं एकमत झालं आणि डब्यातल्या चमच्याने खोदायला घेतलं. दोन इंचात चमचा वाकला. तेवढ्यात एक गुराखी आला, म्हणे हे गवळी राजाचं हाय पोट्टेहो, हात लावसान तं रातभर ताप येईन. ताप आला खरा, पण उन्हाचा. आईने पन्हं पाजलं, बाबांनी फटके दिले, दोन्ही एकाच संध्याकाळी.

पुढे कॉलेजात कळलं की ती शिळावर्तुळं लोहयुगातली, तिथे तीनशेच्या आसपास आहेत, खाली माणसं पुरलेली, विदर्भातल्या अशा वर्तुळांतून घोड्यांचे लोखंडी लगामसुद्धा निघालेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या साहेबाने १८७९ मध्येच त्यावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे आमच्या चमच्याच्या ९७ वर्षं आधी. तरी मला तो शोध अजून आमचाच वाटतो. (तिथे खोदणं गुन्हा आहे, तेव्हाही असेल, माफी असावी.)

आता ऐका. मागच्या महिन्यात माझा दहा वर्षांचा नातू अन् त्याचे दोन दोस्त सोसायटीमागच्या नाल्यावर घोरपड बघायला गेले. सायकलने, आणि मोबाईल घरी ठेवून, हे तुमच्या लेखकाला मुद्दाम सांगा. पाच मिनिटांत ग्रुपवर व्हिडिओ, 'ही कोणाची मुलं? पालकांनी लक्ष द्यावं'. मग मीटिंग, मग गेटवर नोटीस, बारा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांशिवाय गेटबाहेर जायचं नाही. खाली सेक्रेटरीची सही. हा सेक्रेटरी म्हणजे आमच्या त्या पाचांतला एक. चमचा त्याच्याच घरचा होता!

मी म्हटलं, काऊन बे, जुनापाणी विसरला का? तर म्हणतो तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आता ट्रॅफिक किती वाढला. नाल्यात ट्रॅफिक? साप आहेत, घाण आहे, मान्य. सप्टेंबर २०२३ चा पूरही कोणी नागपूरकर विसरला नाही. पण उन्हाळ्यात त्या नाल्यात टाच बुडेल इतकं पाणी नसतं.

आता नातू दुपारभर मोबाईलवर जमीन खोदून खजिना शोधायचा गेम खेळतो. तुमच्या लेखकाला त्याचा फोटो पाहिजे असेल तर पाठवतो, लेखाला शोभेल.

आणि त्या लेखाच्या बरोब्बर खाली उन्हाळी शिबिराची जाहिरात, झाडावर चढायला शिकवणार म्हणे, फी भरून! पान लावणाऱ्याने लेख वाचला होता का नव्हता?

आपला,
एक जुना वाचक, नागपूर

ता.क. : शब्दकोड्याची उत्तरं सलग दुसऱ्या रविवारी छापलेली नाहीत. आडवा १४ चार अक्षरी म्हणता अन् चौकोन पाच देता. बायको मला अडाणी समजून राह्यली.