शनिवारी थांबणारा घाणा

संपादक महोदय,

आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारीही कामावर या, असं काही उद्योगपती जाहीरपणे म्हणू लागल्यापासून साप्ताहिक सुट्टीवर बरंच लिहिलं-बोललं जात आहे. त्यात झोप येते, रक्तदाब येतो, उत्पादकता येते. विसाव्याचा दिवस हे मुळात व्रत होतं, ही बाजू मात्र राहून जाते. ती समजून घ्यायला कोकणातला तेलाचा घाणा पुरेसा आहे.

रायगड जिल्ह्याच्या गावांमधले बेने इस्राएल या ज्यू समाजातले लोक पिढ्यान् पिढ्या तेल गाळत. ज्यू धर्मातलं बरंच काही काळाच्या ओघात त्यांच्या विस्मरणात गेलं, पण शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही, हे सुटलं नाही. म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. दोघांचाही घाणा आठवड्यातून एकदा थांबायचा आणि गावाला त्यात वावगं वाटत नसे.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विसाव्याच्या दिवशी, कोणती कामं वर्ज्य, हे ज्यू धर्मशास्त्रानं मोघम ठेवलेलं नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संहितेत ‘चाळीसाला एक कमी’ अशी 39 कामांची यादी आहे: नांगरणं, धान्य मळणं, दळणं, दोन टाके घालणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं वगैरे. फळ पिळून रस किंवा तेल काढणं मळणीत मोडतं, कारण दोन्हींत आतलं बाहेर काढायचं असतं. पण शुक्रवारी अंधार पडण्यापूर्वी जैतुनाच्या फळांवर दाबाची तुळई चढवून ठेवली असेल, तर पुढे आपोआप निथळणाऱ्या तेलाला हरकत नाही. बैलाच्या घाण्याला ही सवड नाही. कारण शब्बाथच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी आणि परका यांच्याबरोबर बैल आणि गाढवही आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात कारणही दिलं आहे: तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तूही मिसर (इजिप्त) देशात दास होतास, हे ध्यानात ठेव. मालक ओसरीवर पडून आहे आणि गड्याच्या हातून घाणा चालू आहे, हा शब्बाथ नव्हे.

हे नियम किती बारकाईनं मनुष्यस्वभाव ओळखतात, ते दिव्यावरून कळतं. शब्बाथच्या रात्री समईच्या उजेडात एकट्यानं वाचू नये, असं सांगितलं आहे. वाचणं पाप नाही. पण वाचता वाचता ज्योत मंदावते आणि तेल वातीकडे यावं म्हणून हात नकळत दिवा कलता करतो. चुलीचंही तसंच. अन्न रात्रभर गरम ठेवायचं तर निखारे आधीच काढून टाकायचे किंवा त्यांवर राख पसरायची, म्हणजे फुंकर घालण्याचा मोह होत नाही. हात मनाला न विचारता कुठे जातो, हे आधी ओळखायचं आणि तिथे कुंपण घालायचं. आज तो हात मोबाइलकडे जातो. ‘रविवारी मोबाइल कमी बघू’ हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. शनिवारी संध्याकाळी तो बंद करून कपाटात ठेवला, तर टिकतो. जिवावर बेतलं तर मात्र शब्बाथही मोडायचा, नव्हे मोडलाच पाहिजे, असं शास्त्र सांगतं. तेव्हा आजारी माणसाच्या घरी फोन चालूच हवा.

बहुतेकांचा विसावा फसतो तो तयारीअभावी. आठवडाभर साचलेलं इस्त्री, जाळी-जळमटं, बिलं, बँकेचे कागद हे सगळं रविवारवर ढकललं की तो उरलेल्या कामांचा दिवस होतो. त्यात ‘आज सुट्टी’ म्हणून जेवणाचा जास्तीचा घाट, म्हणजे घरातल्या बाईला इतर दिवसांहून अधिक राबणूक. शब्बाथचा स्वयंपाक शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी होतो. दिवे सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी लागतात आणि दुसऱ्या दिवशी तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. सुमारे 25 तास. काम पुरं झालं म्हणून हा दिवस सुरू होत नाही, सूर्य बुडाला म्हणून होतो. अर्धी राहिलेली कामंही झालीच आहेत असं मानून थांबायचं, असं ज्यू परंपरा सांगते. आमच्या मते या व्रताचा गाभा इथेच आहे. आपल्यावाचून जग एक दिवस चालतं, हे तोंडानं कुणीही म्हणेल. अर्धवट काम समोर असताना हात आवरणं कठीण.

आपला रविवारही फुकट हाती आलेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे मागणं मांडलं, त्यात दर रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. मधली सहा वर्षं कामगार झगडत होते.

ही सुट्टी आपल्याच दारात काम करणाऱ्या अनेकांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, इमारतीचा रखवालदार, सोसायटीचा सफाई कामगार यांचा वार ठरलेला नसतो. ‘सांगून सुट्टी घ्या’ एवढंच असतं. सोसायट्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. प्रत्येकाचा सुट्टीचा वार नावानिशी ठरवून सूचनाफलकावर लावावा, त्या दिवसाचा पगार कापू नये, रखवालदाराच्या बदलीचा खर्च देखभाल शुल्कात धरावा. मावशींच्या सुट्टीदिवशीची भांडी घरातल्यांनी वाटून घासावीत. दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग त्यांच्यापुढे ठेवू नये.

– आपले वाचक