कचरा उद्योगाच्या डेटा पॅकेजबद्दल तक्रार, रिफंड हवाय

नमस्कार,

तुमच्याकडून कचरा विल्हेवाट उद्योगाचा ओव्हरव्ह्यू आणि मार्केटिंग डेटा असं पॅकेज घेतलं होतं, पैसे आधीच पूर्ण भरलेत, आणि आता कस्टमर केअरला विचारलं की "तुमची तक्रार पुढे पाठवली आहे" एवढंच उत्तर येतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

आम्ही वे-ब्रिज विकतो, म्हणजे अख्ख्या ट्रकचं वजन करणारे काटे. ऑर्डर देताना तुमच्या सेल्सवाल्यांना नीट समजावलं होतं की आम्हाला लँडफिल (कचरा पुरायची जागा), ट्रान्सफर स्टेशन (जिथे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात) आणि इन्सिनरेटर (कचरा जाळायची भट्टी) चालवणारे लोक हवेत, कारण तिथे ट्रक गेटवर आधी भरलेला तोलतात, मग रिकामा, आणि मधल्या फरकावर टनामागे टिपिंग फी, म्हणजे कचरा टाकायचं शुल्क, लागते, काटा बंद पडला की बिलिंग बोंबललं. "हो सर, सगळं कव्हर आहे" म्हणाले.

कव्हर काय आहे ते ऐका. फाइलमध्ये थर्माकोलचे कप आणि कागदी प्लेटा बनवणारे निघाले, कारण कुणीतरी 'डिस्पोजल' सर्च मारलाय आणि त्यात 'डिस्पोजेबल' पण आलंय. कमोड-बेसिन विकणारे पण आहेत, ते बहुतेक 'सॅनिटरी लँडफिल'मधल्या सॅनिटरीमुळे घुसले असावेत. एका माणसाने तरी ही यादी डोळ्याखालून घातली असती तर हे दिसलं नसतं का?

बरं, यासाठी काही नवीन शोध लावायचा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या आयएसआयसी या उद्योगांच्या वर्गीकरणात (चौथी आवृत्ती) कचऱ्याचा विभाग ३८ आहे, त्यात ३८१ गोळा करणारे, ३८२ प्रक्रिया आणि विल्हेवाट लावणारे, ३८३ त्यातून माल परत काढणारे, आणि घातक कचऱ्याला परत वेगळे कोड, ३८१२ नि ३८२२. सांडपाणी ३७ मध्ये येतं, भंगाराचे होलसेलवाले तर पार ४६६९ मध्ये. तुम्ही सगळ्यांची खिचडी करून वर 'वेस्ट मॅनेजमेंट' असा एकच कॉलम ठेवलाय, त्यामुळे मला फिल्टरच लावता येत नाही.

कॉन्टॅक्ट तर बघवत नाहीत. एकच कंपनी तीनदा, एकदा नावापुढे टिंब आहे, एकदा नाही, एकदा स्पेलिंग वेगळं, आणि तिन्हीकडे तोच रिसेप्शनचा नंबर. ईमेल इतके बाउन्स झाले की आता आमचे साधे कोटेशनचे मेलसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जातायत, हे नुकसान कोण भरून देणार? आणि या धंद्यात बरीचशी कामं टेंडरवर, वर्षानुवर्षांच्या करारावर चालतात, तेव्हा साइट मॅनेजर कोण आणि करार कधी संपतो ही माहिती लागते, मार्केटिंग हेडचं नाव घेऊन मी काय करू.

ओव्हरव्ह्यूचं पण तेच. "यंदाचा जागतिक घनकचरा २०१ कोटी टन" असं छापलंय. अहो, हा जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालातला आकडा आहे, तोही २०१६ सालचा, त्याच अहवालात २०५० साठी ३४० कोटी टनांचा अंदाज आहे, तो मात्र गाळलाय. पुढे चीनला टाकाऊ प्लास्टिकची मोठी बाजारपेठ म्हटलंय, घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात त्यांनी २०१८ च्या सुरुवातीलाच बंद केली होती. जुनं विकायचं तर विका, पण वर्ष तरी लिहा.

तर एकतर पूर्ण पैसे परत करा, नाहीतर ३८२ ची वेगळी, डुप्लिकेट काढलेली, ईमेल तपासलेली यादी द्या आणि ३८१ मध्ये येणारे ट्रान्सफर स्टेशनवाले सोबत वेगळे दाखवा. क्रेडिट पॉइंट किंवा पुढच्या खरेदीवर डिस्काउंट नकोय, ते आधीच सांगतो. चुकीच्या ओळी पिवळ्या करून फाइल सोबत जोडली आहे, ती बघून या मेलवरच लेखी उत्तर द्या, फोन नको.

एक वैतागलेला ग्राहक
(ऑर्डरची पावती सोबत आहे)