विषय : 'आयुष्यभराचं' सदस्यत्व अठ्ठावीस महिन्यांत संपल्याबाबत

दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५
मु. पो. ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(कंपनीचं नाव लिफाफ्यावर आहे. इथे पुन्हा लिहायला हात वळत नाही.)

काल शुक्रवारी दुपारी मी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला फोन अकरावा होता. आधीचे दहा कशासाठी होते ते तुमच्या नोंदीत असेल. मला चार वेगवेगळे तक्रार क्रमांक मिळाले आणि चारही 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद झाले. निराकरण नेमकं कोणाचं झालं तेवढं कळवा, त्याला पेढा पाठवतो.

टीव्हीला जोडायचा तुमचा गेमचा डबा काय आहे, कसा चालतो, हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्हीच बनवलाय, निदान वरचं स्टिकर तरी तुमचंच आहे. हिशेब मात्र सांगतो, कारण तो तुमच्याकडे कोणीच लक्षात ठेवलेला दिसत नाही. डबा ९,९९९ रुपये. दुसरा रिमोट १,४९९. आणि 'आयुष्यभराचं सदस्यत्व' २,४९९. एकूण १३,९९७ रुपये, तेही २०२२ च्या दिवाळीत, माल बघण्याआधी, बुकिंग म्हणून. त्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ६,६०० होता. म्हणजे दोन क्विंटल तूर हमीभावानं विकून वर घरातले ७९७ रुपये घातले तेव्हा तुमचा डबा झाला. शेत भाऊ करतो, मी टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. भावानं तेव्हाच विचारलं होतं, "काय येते ह्या डब्यात?" मी म्हटलं, पोट्टे उन्हाळाभर घरात राहतील, उन्हात हिंडणार नाहीत. त्याला मी पटवलं. तुमच्या वतीनं पटवलं, फुकट.

पटवायला तुमची जाहिरात होतीच. बाजेवर बसलेला धोतरातला म्हातारा, निंबाखाली टीव्ही, नातवंडं गेम खेळताहेत, आणि मागे पिवळंधमक शेत. ते मोहरीचं होतं. आमच्याकडे कपाशी, सोयाबीन, तूर होते, मोहरी फोडणीपुरती किराणा दुकानातून आणतात. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की ह्या लोकांनी आमचं गाव पाहिलेलं नाही. पण 'खेळा, कुठेही, कधीही' हे ऐकून मीही भुललो. इतक्या वर्षांचा मेकॅनिक भुलला, त्याची लाज मला वेगळी आहे. तिचे पैसे मागत नाही.

डबा संक्रांतीला देणार होतात, एप्रिल २०२३ मध्ये आला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. तुमचा डबा वीस मिनिटांत 'तापमान जास्त आहे' म्हणून डोळे मिटायचा. तेव्हा फोन केला तर सांगण्यात आलं, "रूम टेंपरेचरला ठेवा." आमच्या रूमचं टेंपरेचर तेच होतं, साहेब. शेवटी पोट्ट्यांनी तो कूलरपुढे स्टुलावर ठेवला, आणि बुढी माय उकाड्यात बसली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, चालवून घेतलं एवढंच सांगतो. दुसरा रिमोट सहा महिन्यांनी आला, तेही चालवून घेतलं. दीडशे गेम म्हणाला होतात, बावीस निघाले, त्यातले नऊ फुगे फोडायचे. चालवून घेतलं.

३१ ऑगस्ट २०२५ ला मात्र तुम्ही सर्व्हर बंद केला. पंधरा दिवस आधी एक मेल, त्यात 'एका सुंदर प्रवासाची सांगता' असं काहीतरी. त्या दिवसापासून डबा सुरू केला की पडद्यावर येतं : 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. कृपया आपले इंटरनेट तपासा.' गेम त्याच डब्यात उतरवलेले आहेत. मी उघडून पाहिलं, मेमरी जिवंत, बोर्ड जिवंत, पंखा फिरतो. फक्त सुरू होताना तो तुम्हाला परवानगी मागतो आणि द्यायला तिकडे कोणी नाही. आणि दोष कोणाचा? माझ्या इंटरनेटचा.

आता कालचं. हे पत्र त्यामुळेच आहे.

आमच्या गावचा शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. दुकानात पाच जण बसले होते, एक मोटरचा स्टार्टर घेऊन, बाकीचे चार्जर-मोबाइलवाले. माझे हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ही माझी चूक. 'मराठीसाठी ३ दाबा' म्हणून ३ दाबलं, तर हिंदीतून कळलं की मराठीवाले बिझी आहेत. अकरा फोनांत ते एकदाही मोकळे सापडले नाहीत. मग एक पोरगा आला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय तो तो वाचतो.

त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सर, राऊटर एकदा बंद करून चालू केलंत का?"

म्हटलं, बाबा, सर्व्हर तुम्हीच बंद केला, तुमचाच मेल माझ्याकडे आहे.

"हो सर, पण तरी एकदा करून बघा."

केला. गावातल्या अर्ध्या घरांचे राऊटर मी लावलेले आहेत, तरी केला. दिवा लाल झाला, मग निळा. पडद्यावर तेच वाक्य. "आता डिव्हाइस बंद करून तीस सेकंद थांबा सर." थांबलो. मोठ्यानं आकडे मोजले, म्हणजे मी खरंच थांबलोय हे त्याला ऐकू जावं. बारापासून पुढे स्टार्टरवाला माझ्यासोबत मोजायला लागला. पडद्यावर तेच वाक्य.

"सर, आपलं लोकेशन?"

"तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ."

"हे पुण्याजवळ येतं का सर?"

पुण्याहून इथे यायला रात्रभराची ट्रॅव्हल्स लागते. तसं सांगितलं. तो एक क्षण थांबला आणि म्हणाला, "अच्छा, रिमोट एरिया आहे. तिकडे नेटवर्क फ्लक्चुएट होतं सर, म्हणून येत असेल."

हे तो म्हणत होता तेव्हा त्याच वायफायवर, माझ्या मागच्या खोलीत, माझी मुलगी गणिताचा क्लास बघत होती. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज तुमच्या पोराच्या आवाजापेक्षा स्वच्छ येत होता. जाहिरातीत आमचं गाव दाखवायचं, पैसे आमच्या गावातून घ्यायचे, आणि बंद पडलं की गाव 'रिमोट एरिया'. सर्व्हर तुम्ही बंद केला. नेटवर्क आमचं खराब. हे परत लिहितोय हे माहीत आहे मला. अकरा फोनांत मीही हेच परत परत ऐकलंय.

म्हटलं, वरच्या साहेबांना द्या. चौदा मिनिटं होल्ड. होल्डवर कोणती धून वाजत होती ठाऊक आहे? 'खेळा, कुठेही, कधीही.' चौदा मिनिटं, स्पीकरवर, बाजाराच्या दिवशी. चार्जरवाला एक पोरगा त्यावर ठेका धरून बसला होता.

मग वरचे साहेब आले. हे मराठी बोलत होते, म्हणजे एक मराठीवाले मोकळे होते तर. त्यांचं पहिलं वाक्य : "सर, टेक्निकली प्रॉडक्टमध्ये प्रॉब्लेमच नाहीये. फक्त सर्व्हिस नाहीये." म्हणजे बैल ठणठणीत आहे, फक्त चारही पाय नाहीत.

मी विचारलं, मग माझं आयुष्यभराचं सदस्यत्व? २,४९९ रुपये?

"सर, लाइफटाइम म्हणजे सर्व्हिसचं लाइफटाइम. तुमचं नाही."

हे इतक्या सहज बोलले की क्षणभर मलाच वाटलं, खरंच, मी अजून जिवंत आहे यात माझीच काही चूक असावी. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी मी रात्री उठून कागद घेतला :

"सर, तुम्ही याकडे पॉझिटिव्हली बघा. तुमच्याकडे आता एक कलेक्टर्स आयटम आहे. शोकेसमध्ये ठेवा, पुढे किंमत येईल."

दुकानात कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. स्टार्टरवाला सत्तरीचा माणूस, त्यानं फोन बंद झाल्यावर शांतपणे विचारलं, "काऊन बा, पैसे तुहे, डबा तुह्या घरी, अन् चाबी त्याइच्याजवळ? हे त बटईपेक्षाई बेकार झालं. बटईत निदान अर्धं पीक तरी भेटते." आणि पाठोपाठ तुमचा मेसेज आला, 'आमच्या सेवेला १ ते ५ मध्ये गुण द्या.' शून्याची सोय नव्हती.

शोकेसवाल्या साहेबांना थोडा इतिहास कळवा. माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, त्याला ह्या गोष्टींचा नाद आहे, त्याच्याकडून ऐकलंय. धंद्यात पडणं हा गुन्हा नाही. सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट नावाचा गेमचा डबा १९९९ मध्ये अमेरिकेत मोठा गाजावाजा करून आला आणि २००१ मध्ये कंपनीनं बनवणंच बंद केलं. पण ज्यानं घेतला त्याच्या घरी डिस्क टाकली की तो आजही चालतो, कोणाला विचारत नाही. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ चा, सगळं चित्र लाल-काळं, बघून डोकं दुखायचं, लवकरच गुंडाळला. तरी लोकांच्या घरातला बंद नाही केला. ऊया नावाचा एक स्वस्त अँड्रॉइड डबा होता, ९९ डॉलरचा, तुमच्या डब्याचा थोरला भाऊच म्हणा. २०१२ मध्ये लोकांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर त्याला ८५ लाख डॉलर उभे करून दिले, आणि जून २०१९ मध्ये त्याचं दुकान बंद झालं. तुम्ही बहुतेक त्याचीच वही उतरवली.

उतरवायचीच होती तर गूगलची उतरवायची. त्यांचं स्टेडिया, म्हणजे इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा, नोव्हेंबर २०१९ ला आलं, जानेवारी २०२३ ला बंद झालं. आपल्याकडे तर ते आलंच नव्हतं. पण बंद करताना त्यांनी स्वतःच्या दुकानातून विकलेल्या रिमोटचे आणि गेमचे पैसे परत केले, वरून रिमोट ब्लूटूथवर दुसरीकडे चालावा म्हणून अपडेटही दिला. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. तुम्ही डबा बाजारात आणला तेव्हा हे होऊन तीन महिने झाले होते. पेपर वाचत नव्हता का तुम्ही?

इतकं लांब कशाला जा. आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत ओढत होतं. हळू चालायची, लोक चालत्या गाडीतून उतरून मागच्या डब्यात चढायचे म्हणतात. पण तिकिटावर 'आयुष्यभर' असं कुठे छापलेलं नव्हतं, आणि तरी ते एक इंजिन सत्तर वर्षं चाललं. तुमचे अठ्ठावीस महिने.

माझ्याकडे अजून एक कॅसेटवाला व्हिडिओ गेम आहे, निन्टेंडोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल, मी सातवीत असताना यवतमाळच्या बाजारातून बाबांनी आणलेला. नक्कलच होता, त्याची जाहिरात कोणी केली नव्हती. सप्टेंबरमध्ये तुमचा डबा गेला तेव्हा तो माळ्यावरून काढला. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली, पट्ट्या खोडरबरानं घासल्या, दोनदा आत-बाहेर केली. कॉन्ट्रा सुरू झाला. मुलीनं विचारलं, "बाबा, याला वायफाय नाही लागत?" उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण खोकला आला होता, धुळीनं.

तर आता मागणी. १३,९९७ रुपये परत करा, पंधरा दिवसांत. किंवा डबा सर्व्हरला न विचारता चालेल असं एक अपडेट काढा, आहेत तेवढे बावीस गेम फुगे फोडण्यासकट चालू द्या. दुसरं तर तुम्हाला जवळजवळ फुकटात पडेल. मेकॅनिक म्हणून सांगतो, तुमच्या एका इंजिनिअरच्या आठवडाभराचं काम आहे.

हे झालं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३४ वाचा. मी राहतो तिथेच तक्रार करता येते, मला तुमच्या शहरात यायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथे यावं लागेल, आणि तारीख मेमधली पडली तर त्याला रूम टेंपरेचर काय असतं ते समजेल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर काल संध्याकाळीच नोंद केली आहे. जाहिरात मी तेव्हाच मोबाइलमध्ये उतरवून ठेवली होती, मोहरीच्या शेतासकट.

रागापेक्षा वाईट जास्त वाटतं, हेही लिहून टाकतो. आमच्याकडे लोक नवीन वस्तू घेताना मला विचारतात. तुमच्या डब्यासाठी माझ्या शब्दावर गावात आणखी सहा घरांनी बुकिंग केलं. त्या सहा जणांना मी काय सांगू, पॉझिटिव्हली बघा म्हणून? रोज दुकानासमोरून जातात, बोलत नाहीत काही.

हे पत्र स्पीड पोस्टनं येतंय. पूर्वी असं पत्र रजिस्टरनं पाठवायचो, ते यंदा डाक खात्यानं बंद करून स्पीड पोस्टात मिसळलं. पण त्यांनी माझ्या घरात पडलेल्या जुन्या पत्रांवरची अक्षरं पुसली नाहीत.

तुमचा ग्राहक
(सर्व्हिसच्या लाइफटाइमपुरता)

ता. क. : पैसे परत करून डबा न्यायचा असेल तर माणूस पाठवा, मी कुरिअर करणार नाही. अडॅप्टर मात्र मिळणार नाही. १२ व्होल्टचा आहे, चांगला निघाला, शाळेच्या राऊटरला लावलाय. त्याचे दोनशे रुपये कापून घ्या.