सर्व्हर नव्हे, डोंगल आणि ब्राउझरमधला सांधा निखळतो

मा. संपादक,
स.न.

पीक विमा, शाळा-कॉलेजचे प्रवेश किंवा पेन्शनचे हयातीचे दाखले, यांपैकी कशाचाही हंगाम आला की सेवा केंद्रांबाहेरच्या रांगांची बातमी आपल्या दैनिकात हमखास येते. रावेरला केळीवाले ताटकळतात, साक्रीला दाखल्यांसाठी पालक, अक्कलकुव्याला म्हातारी माणसं. आतून उत्तर ठरलेलं: ‘सर्व्हर बंद शे.’ कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि घोडं अडलेलं असतं टेबलावरच, ब्राउझर आणि यूएसबीत खोचलेलं डिजिटल सहीचं डोंगल यांच्या मधल्या हातभर अंतरात. हा बिघाड शोधता येतो आणि निम्म्याहून जास्त वेळा केंद्रावरच सुटतो. मात्र पोर्टल चालवणाऱ्यांनीही त्यात आपला वाटा उचलायला हवा, म्हणून हे पत्र.

डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल म्हणजे स्मार्ट कार्डाची चिप आणि रीडर एकाच डबीत. (आधारचं प्लास्टिकचं कार्ड यात मोडत नाही. त्यात चिप नाही, क्यूआर कोड आहे.) स्वाक्षरीची गुप्त किल्ली या चिपमध्येच राहते, बाहेर कधी येत नाही. कागदाचा हॅश, म्हणजे त्या कागदावरून काढलेली ठरावीक लांबीची संख्या, चिपकडे पाठवायची, पिन द्यायचा, की चिप त्यावर सही करून परत देते. ब्राउझर मात्र या चिपशी थेट बोलत नाही. पूर्वी जावा ॲप्लेट आणि ॲक्टिव्हएक्स या ब्राउझरमध्ये बसवायच्या जोड-प्रोग्रॅमांच्या (प्लगइनच्या) आधाराने हे काम चालायचं. त्यांच्यातल्या भोकांमुळे ती दारं बंद झाली: क्रोमने 2015 मध्ये तसले प्लगइन काढले, फायरफॉक्सने 2017 मध्ये, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला. पानातून यूएसबी उपकरणाशी बोलण्याची सोय क्रोममध्ये नंतर आली, पण स्मार्ट कार्डाचा वर्ग तिच्यातून मुद्दाम वगळलेला आहे. हा ब्राउझरवाल्यांचा हेकटपणा नाही. कुठलंही पान चिपशी परस्पर बोलू लागलं, तर बनावट पानही तिच्याकडून सही काढून घेऊ शकेल.

म्हणून प्रत्येक पोर्टल आपापला एक छोटा प्रोग्रॅम बसवायला लावतं. त्याला सगळे सायनर म्हणतात. तो आपल्याच संगणकावर एक पोर्ट, म्हणजे हाक ऐकायचं क्रमांकाचं दार, उघडून बसतो आणि वेबपान 127.0.0.1 या घरच्या पत्त्यावर त्याच्याशी बोलतं. जीएसटीचा ईएमसायनर 1585 या पोर्टवर असतो. अंगठ्याच्या स्कॅनरची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस, म्हणजे स्कॅनर आणि पान यांच्या मधला प्रोग्रॅमही, याच पद्धतीने चालते, तिच्यासाठी 11100 ते 11120 हे पोर्ट ठरलेले आहेत. डोंगलची साखळी अशी झाली: पान, सायनर, ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा प्रोग्रॅम), विंडोजची स्मार्ट कार्ड सर्व्हिस, चिप. लोक पानाकडून तपासायला सुरुवात करतात, पान रिफ्रेश करून करून थकतात. तपासणी चिपकडून सुरू करावी.

डोंगल लावल्यावर पुष्कळदा ‘माय कॉम्प्युटर’मध्ये एक सीडी ड्राइव्ह दिसते. ती डोंगलच्याच पोटातली असते आणि तिच्यातला ड्रायव्हर डोंगल विकलं गेलं त्या काळचा असतो. तो न घेता कंपनीच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर बसवावा. ड्रायव्हरसोबत येणारा टोकन मॅनेजर (टोकन म्हणजे डोंगलच) उघडून प्रमाणपत्र, म्हणजे सही कोणाची हे सांगणारी डोंगलमधली नोंद, दिसतं का पाहावं. इथेच दिसत नसेल तर पोर्टलला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘स्मार्ट कार्ड’ चालू आणि ऑटोमॅटिकवर आहे का बघावं. दुसऱ्या गावाहून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडलेलं असेल तर त्या संगणकाला लावलेलं डोंगल दिसणारच नाही, कारण त्या जोडणीत रीडर समोर बसलेल्याच्या संगणकावरचे धरले जातात. ‘परवा तर चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

टोकन मॅनेजरमध्ये प्रमाणपत्र दिसतं आणि ब्राउझरमध्ये दिसत नाही, असं झालं तर क्रोम आणि एज विंडोजच्या कोठारातून प्रमाणपत्रं घेतात, फायरफॉक्सला स्वतःचं वेगळं कोठार असतं, हे ध्यानात घ्यावं. फायरफॉक्समध्ये प्रमाणपत्र आपोआप दिसलं नाही, तर सेटिंग्जच्या ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’मध्ये जाऊन ड्रायव्हरची फाइल हाताने जोडावी लागते, तीही 64 बिट ब्राउझरला 64 बिटचीच. नूतनीकरण केलेल्या डोंगलची आणखी एक गंमत: जुनं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र यादीत तसंच राहतं, नाव तेच असल्यामुळे माणूस नेमकं तेच निवडतो आणि सही फेटाळली जाते. निवडताना ‘मुदत’ हा रकाना बघावा. नवं प्रमाणपत्र पोर्टलवर पुन्हा नोंदवावंही लागतं. आणि 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 प्रमाणपत्रं देणं बंद झालं आहे, आता क्लास 3 च मिळतं. स्वस्तातलं क्लास 2 देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

यापुढचा टप्पा सायनरचा. एकाच संगणकावर दोन-तीन पोर्टलांचे सायनर आणि त्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या साचलेल्या असतात. दोघांनी एकच पोर्ट मागितला की दुसरा मुकाट्याने मरतो, घड्याळाजवळचं चिन्हही उमटत नाही. जुन्या आवृत्त्या काढून टाकाव्यात. जीएसटीत ‘सायनर सापडत नाही’ असा संदेश आला, तर नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएससह 127.0.0.1:1585 उघडावं, ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देईल, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जावं आणि मग मूळ पान पुन्हा उघडावं. इशारा डावलायची ही मुभा फक्त या घरच्या पत्त्यापुरती. बँकेच्या किंवा शासनाच्या पानावर तसाच इशारा आला, तर तिथून मागे फिरायचं.

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या क्रोम 142 पासून, बाहेरचं पान आपल्या संगणकावरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशी बोलू लागलं की ब्राउझर परवानगी विचारतो. ऑपरेटर सवयीने ‘ब्लॉक’ दाबतो, ब्राउझर ते उत्तर लक्षात ठेवतो आणि त्या दिवसापासून ते पोर्टल ‘बंद’ पडतं. उपाय साधा आहे: पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंग्ज उघडाव्यात, संगणकावरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशी बोलायची परवानगी ‘अलाउ’ करावी, पान ताजं करावं. पान साध्या एचटीटीपीवर (पत्त्यात शेवटचा ‘एस’ नसलेलं, असुरक्षित) असेल तर मात्र क्रोम विचारतही नाही, सरळ नकार देतो. ते पोर्टलवाल्यांनाच दुरुस्त करावं लागेल. क्रोमचं हे पाऊल आम्हाला तरी योग्यच वाटतं. घरच्या पत्त्यावर बसलेला प्रोग्रॅम हाक कोणी मारली हे तपासत नसेल, तर उघडलेली कुठलीही साइट त्याला हाक मारू शकते. 2019 मध्ये मॅकवरच्या झूमचं हेच उघडकीस आलं होतं: त्याने मागे ठेवलेल्या अशाच छोट्या सर्व्हरमुळे भलत्याच साइटला माणसाला मीटिंगमध्ये ओढून कॅमेरा चालू करता येत होता.

आता अंगठ्याकडे. इथे खान्देशाचं हवामान आणि पिकं दोन्ही आडवी येतात. केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं, कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात कोरडी ठक्क झालेली कातडी, यांवरच्या रेषा स्कॅनरला नीट सापडत नाहीत. कोमट पाण्याने आणि साबणाने हात धुवून पुसावेत, बोट अगदी कोरडं असेल तर किंचित ओलसर करावं, काच मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, आणि स्कॅनरवर दारातून थेट ऊन पडत असेल तर त्याची जागा बदलावी. एकाच अंगठ्यावर दहादा जोर काढण्यापेक्षा दुसरं बोट लावून बघावं.

पण त्याआधी पडद्यावरचा आकडा वाचावा. तो प्रत्येक वेळी येतो आणि कोणीच वाचत नाही. 720 म्हणजे स्कॅनर तयार नाही: वायर काढून घाला, आरडी सर्व्हिस बंद करून चालू करा, इंटरनेट आहे का बघा, कारण उपकरणाची नोंद पटवायला तिला कंपनीच्या सर्व्हरची गाठ घ्यावी लागते. 710 म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने स्कॅनर धरून ठेवला आहे: जुने टॅब बंद करा. 700 म्हणजे वेळेत बोट टेकलं नाही. 300 म्हणजे आधारच्या नोंदीतले ठसे जुळले नाहीत, इथे स्कॅनर निर्दोष आहे. 330 म्हणजे त्या माणसाने आपलं बायोमेट्रिक स्वतःच लॉक केलेलं आहे: ते आधारच्या ॲपवरून किंवा साइटवरून उघडावं लागतं. 811 म्हणजे ठसे नोंदवलेलेच नाहीत. पाच वर्षांच्या आत आधार काढलेल्या मुलांचं हे होतं, कारण त्या वयात ठसे घेत नाहीत, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यायचे असतात. या सगळ्यांना ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं, की 330 वाला बिचारा धडगावच्या पाड्यावरून पुन्हा पुन्हा हेलपाटे घालतो आणि दरवेळी तेच उत्तर ऐकून परततो.

561 आणि 562 हे आकडे वेगळ्याच कारणाने येतात: संगणकाचं घड्याळ चुकलेलं आहे. पहिल्यात वेळ मागे, दुसऱ्यात पुढे. लोडशेडिंगमध्ये रोज बंद पडणाऱ्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा बटण सेल, सीआर 2032, संपलेला असतो. वीज आली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग साइटची प्रमाणपत्रंही पटेनाशी होतात आणि ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. केंद्रवाला नेट बदलतो, ब्राउझर बदलतो, प्रसंगी विंडोजही नव्याने टाकतो. सेल बदलला आणि वेळ आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू केली की काम भागतं. दोन कंपन्यांचे स्कॅनर एकाच संगणकावर असतील तर एकाची सर्व्हिस 11100 घेते आणि दुसरी 11101 वर सरकते. सगळे पोर्ट न शोधता पहिल्यावरच थांबणाऱ्या पानाला दुसरा स्कॅनर दिसत नाही. अशा वेळी न लागणाऱ्या स्कॅनरची सर्व्हिस बंद ठेवावी. आणि ठसे जुळतच नसतील, तर पीएम किसानची ई-केवायसी आणि पेन्शनचा हयातीचा दाखला अँड्रॉइड फोनवर चेहऱ्यानेही होतो. ही सोय असताना म्हाताऱ्यांची बोटं घासत बसू नये.

आता खरी काळजीची गोष्ट. ग्रामपंचायतीचा निधी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलमधून काढायला दोन डोंगल लागतात, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं आणि एक सरपंचाचं. एकाने बिल टाकायचं, दुसऱ्याने पारखून मंजूर करायचं, म्हणून ही जोडी. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल एकाच खणात आणि पिन मागच्या चिकटपट्टीवर लिहिलेला, असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. डोंगल बहुतेक वेळा 12345678 या पिनवर येतं आणि तोच पुढे चालू राहतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 प्रमाणे आपली गुप्त किल्ली सांभाळणं हे प्रमाणपत्रधारकाचं कर्तव्य आहे. उद्या भलत्या बिलावर सही निघाली तर कायद्यासमोर ती सरपंचाचीच धरली जाईल. पिन मिळाल्या दिवशीच बदलावा. तो ठरावीक वेळा चुकला की चिप कुलूपबंद होते. तेव्हा ‘इनिशियलाइझ’ दाबून मोकळं व्हायचा मोह होतो, पण त्याने आतलं प्रमाणपत्र आणि किल्ली दोन्ही पुसली जातात. किल्लीची नक्कल कुठेच नसल्याने प्रमाणपत्र नव्याने काढावं लागतं. आधी विक्रेत्याकडून ॲडमिन पिनने उघडता येतं का, हे विचारावं.

पोर्टल चालवणाऱ्या खात्यांकडे मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक पोर्टलवर लॉगिनच्या आधी एक तपासणीचं पान द्यावं, ज्यावर उपकरण, ड्रायव्हर, सर्व्हिस, पोर्ट आणि घड्याळ यांची स्थिती वेगवेगळी दिसेल. त्यासाठी खरा अर्ज भरावा लागू नये. त्रुटीच्या आकड्यासमोर मराठीत एक ओळ उपाय लिहावा. सायनरची नवी आवृत्ती आणायची तर सोमवारी सकाळी नको, आणि तिचा पोर्ट व आवृत्तीचा क्रमांक पोर्टलवरच छापलेला असावा. सायनरने फक्त आपल्याच साइटचं ऐकावं. आणि दर खात्याने वेगळा सायनर काढण्याऐवजी सर्वांचा मिळून एकच का नको? एस्टोनियाने ‘वेब ईआयडी’ नावाने तसा केला आहे. ब्राउझरचं एक्स्टेन्शन आणि संगणकावरचा छोटा प्रोग्रॅम अशी त्याची जोडी आहे, आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे.

हे होईपर्यंत जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा प्रशासनांना एक काम लगेच करता येईल. वरचे आकडे आणि त्यांचे उपाय एका कागदावर छापून प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात, काउंटरच्या आत एक आणि बाहेर रांगेकडे तोंड करून एक, असे लावून द्यावेत.

– संगणक व सेवा केंद्रांची दुरुस्ती पाहणारे काही वाचक,
चोपडा, जि. जळगाव