पाट्याला गॅस लावू नका

संपादक साहेब नमस्कार,

उसाचा सीझन चालू झाला की सांगली-तासगाव रोडला चाकाच्या वरचा स्प्रिंगचा पाटा, म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी, तुटून एका अंगावर कललेली गाडी दिसतेच, आणि बघणारे म्हणतात लोड जास्त भरला असणार. ते खरं आहे पण अर्धच. मी कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं स्प्रिंगच्या कामात आहे, म्हणून उरलेलं सांगतो.

रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापून ठेवलंय की स्प्रिंगवर लोड दुप्पट केला की ती दुप्पट दबते. पण हे एका हद्दीपर्यंतच, त्याच्या पुढं गेलं की पाटा बसतो तो उठत नाही. लोकांना वाटतं पाणी दिलेला, म्हणजे तापवून आणि बुडवून कडक केलेला पाटा कमी दबतो, तसं नाही, एकाच मापाचा मऊ पाटा आणि पाणी दिलेला पाटा तेवढ्याच वजनाला जवळपास सारखेच दबतात. फरक हद्दीत आहे, मऊ पाटा लवकर बसतो आणि पाणी दिलेला परत जाग्यावर येतो. त्यासाठी पोलाद ८५०-९०० डिग्रीला तापवून तेलात बुडवायचं आणि मग टेम्पर करायचं, म्हणजे ४००-५०० च्या आसपास परत तापवून ठिसूळपणा घालवायचा, तेव्हा कुठं त्यात जीव येतो.

आणि रोडसाइडला काय करतात, बसलेला पाटा गॅसनं लालभडक करायचा, घणानं कमान मारायची, वर बादलीभर पाणी. गाडी उंच दिसते, मालक खुश, पण तापवलं तिथलं टेम्पर गेलं, आणि पाणी पडलं तिथं पोलाद काचेसारखं ठिसूळ झालं. माझ्या भाच्याच्या पिकअपला एका गॅरेजमध्ये असंच केलं, दोन महिन्यात हळदीची पोती भरलेली असताना मेन पाटा गेला, पोरगं थोडक्यात वाचलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसरं म्हणजे जाड पाटा टाकायची खोड. जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो, मग तेवढंच वाकायला पोलादाला जास्त ताण सोसावा लागतो, म्हणून तर पातळ पाट्यांची चवड असते. मोटरसायकलवाली पोरं शॉकॲबची स्प्रिंग कापतात त्यांनाही सांगतो, वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ नाही, उलट कडक होते.

पाटा एका दणक्यात क्वचितच तुटतो, लाखो वेळा वाकून वाकून तुटतो. तडा बहुतेक वरच्या अंगाला पडतो कारण ताण तिथं बसतो, एखादा गंजाचा खड्डा किंवा ग्राइंडरचा ओरखडा त्याला पुरतो. पाट्यांची चवड ॲक्सलला आवळून धरणारा यू बोल्ट ढिला असेल तर पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकात तुटणार, कारण मध्ये पकड राहत नाही आणि भोकामुळं ती जागा आधीच कमजोर असते. वेल्डिंग तर पाट्याला अजिबात करू नये.

माझी विनंती एवढीच आहे की कारखान्याच्या यार्डात काट्याला नंबर लागेपर्यंत गाड्या तासन्तास उभ्या असतात, तेवढ्या वेळात ड्रायव्हरनी खाली वाकून पाटे बघावेत, यू बोल्टला पाना लावावा, आणि कारखान्यांनी यार्डात एक मेकॅनिक ठेवावा जो तडा गेलेली गाडी परत फडात जाऊ देणार नाही.

आपला,
स्प्रिंगच्या कामातला एक कामगार, कुपवाड, जि. सांगली