काकू, तुमच्या वेलीचं रीथ

प्रिय काकू,

सा. न.

समोरच राहूनही पत्र लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं!" म्हणून विषय मिटवता. आणि तुम्ही काय केलंत ते चार लोकांनी वाचावं, असंही मला वाटतं.

२०२३च्या हॅलोविनला, म्हणजे मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात त्या संध्याकाळी, आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या या घरात नवे होतो. लेक चेटकिणीची टोपी घालून खिडकीशी बसली होती. टेबलावर चॉकलेटच्या दोन पिशव्या. मुलांचे घोळके समोरून जात होते, पण आमच्याकडे एकही वळला नाही. ती रात्री न जेवता झोपली. पोर्चचा दिवा बंद असला की मुलं त्या घरी जात नाहीत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून पुढच्या वर्षी मी जिद्दीनं रीथ, म्हणजे दारावर टांगायचं सजवलेलं गोल कडं, केलं. विकतचं थर्मोकोलचं कडं, त्यावर ग्लू गननं चिकटवलेले भोपळे आणि वटवाघळं. काचेचं बाहेरचं दार आणि लाकडी दार यांच्या मधे टांगलं. दुपारच्या उन्हात गोंद मऊ पडला आणि लेक शाळेतून आली तेव्हा सगळं उंबऱ्यावर पडलेलं. ती रडायला लागली. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, हात लावून पाहिलंत आणि म्हणालात, "दोन दारांच्या मधे ऊन कोंडतं गं. इथं चिकटवून भागत नाही, बांधायला हवं."

मग तुमच्या परसातला तो द्राक्षांचा मांडव! तुम्ही मूळच्या दिंडोरीच्या. "आमच्याकडे ही ऑक्टोबर छाटणीचीच वेळ," म्हणत कात्री घेऊन निघालात. इथली छाटणी थंडी सरता सरता होते, म्हणून मांडवाबाहेर भरकटलेल्या तेवढ्याच काड्या तुम्ही काढल्यात. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, काड्या कडक झालेल्या. कोमट पाण्याच्या बादलीत रात्रभर भिजवल्या तेव्हा कुठे वाकल्या. पहिली काडी गोल वळवून टोक आत खोचायचं, पुढची तिच्याभोवती पीळ देत न्यायची, प्रत्येक वेळी नव्या जागेपासून सुरुवात करायची, म्हणजे कडं एका बाजूला जड होत नाही. वेलीच्या आधार धरणाऱ्या, गुंडाळलेल्या बाळ्या तुम्ही तोडू दिल्या नाहीत. पुढे त्याच सगळ्यात भुताटकीच्या दिसल्या!

रंगीत मक्याची तीन कणसं, पाइनची बोंडं, गोणपाटाचा बो, सगळं बारीक तारेनं मागून पीळ देऊन बांधलं. मी कापसाचं कोळ्याचं जाळं आणलं होतं, ते मात्र तुम्ही परत पिशवीत घातलंत. बाहेर लावलं तर त्यात पाखरांचे पाय अडकतात, म्हणालात. त्याऐवजी क्रोशाचा काळा दोरा दिलात. आधी कड्याच्या आरपार आठ दोरे ताणले, मग मधून बाहेर गोल गोल. ते जाळं संपूर्ण लेकीनं विणलं. तिचे दोरे तिरके गेले, तरी तुम्ही एकही सरळ केला नाहीत, काकू. त्याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी हॅलोविन. ओक ट्री रोडवरून झेंडू आणले होते, आणि आता दारावर तोरण की रीथ, या पेचात मी पडले होते. तुम्ही तोरण चौकटीला बांधलंत, रीथ त्याच्या खाली बाहेरच्या दारावर, आणि पणत्या पायऱ्यांवर, मुलांच्या झग्यांपासून लांब कडेला ठेवायला लावल्यात. मला इतकं हलकं वाटलं!

त्या संध्याकाळी हवा उन्हाळ्यासारखी उबदार होती. पोर्चचा दिवा लेकीनं स्वतः लावला. त्रेचाळीस मुलं आली, तिनं पाटीवर रेघा ओढून मोजली. एका मुलाची आई तोरणापाशी थांबली. त्या मेक्सिकोच्या, १ आणि २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे गेलेल्या माणसांसाठी झेंडूच मांडतात. लेकीनं तोरणातलं एक फूल काढून त्यांना दिलं.

काल तिनं गॅरेजमधून कडं खाली काढलं. दोन काड्या सुटल्यात, जाळं शाबूत आहे. शनिवारी दुपारी येऊ का? बादली आम्ही आणतो.

तुमची,
समोरच्या घरातली